फोनवर इंग्रजी बोलायला शिकता येतं का? हो, पण ‘स’ कुठे जातो ते आधी समजून घ्या

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एका चाळीत तळमजला आणि वर तीन मजले मिळून अशा ८० खोल्या, आणि नायगावात अशा ४२ चाळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या, म्हणून नाव बीडीडी. आता पुनर्विकासाचं काम सुरू आहे, टॉवर येतील, खोल्या मोठ्या होतील. पण आज त्या एका खोलीत आजी सिरियल बघतेय, भावाचा गेम चालू आहे, आई जेवणाची आवराआवर करतेय, आणि तुम्हाला इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस करायची आहे. कुठे करणार?

प्रश्न साधा वाटतो, पण अनेकांचं इंग्रजी इथेच अडतं. वाचता येतं, समजतं, रील्स बघून निम्मं कळतं; तोंड उघडायची वेळ आली की घरातले सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. व्हिडिओ क्लास लावावा तर कॅमेऱ्यात मागची दोरीवरची कपडे दिसणार. आणि तिकडे बऱ्याच कंपन्यांमध्ये मुलाखतीची पहिली फेरी आता फोनवरच होते. दुपारी अचानक कॉल येतो, समोरची व्यक्ती म्हणते, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’, आणि तुम्ही पॅसेजमध्ये एका कानात बोट घालून उभे. त्या दहा मिनिटांत पुढची फेरी मिळते किंवा मिळत नाही.

मग ज्या फोनवर परीक्षा होणार आहे, त्याच फोनवर शिकवणी घेतली तर? साधा व्हॉइस कॉल. समोर ओळखीतली एखादी ताई, जी कॉल सेंटरमध्ये काम करते. किंवा निवृत्त शिक्षिका. किंवा तुमच्याच वर्गातला मित्र. मित्रांनो, ही कल्पना जुनी आहे आणि चालतेही. फक्त फोनवरचा धडा हा व्हिडिओ क्लासची स्वस्त आवृत्ती नाही. फोनची तार, म्हणजे आता नेटवर्क, आवाजाचा काही भाग पोचवतं आणि काही भाग वाटेतच टाकून देतं. काय पोचतं आणि काय नाही हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला माहीत असेल, तरच त्या वीस मिनिटांचा उपयोग होतो.

आधी कोणी करून पाहिलंय?

महाराष्ट्रातलं पहिलं आठवणारं उदाहरण स्मार्टफोनच्या आधीचं आहे. नोकियाने ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा आणली होती. तिची चाचणी २००८ च्या अखेरीस महाराष्ट्रात झाली आणि २००९ मध्ये ती भारतात सुरू झाली. शेतीचे भाव, हवामान यांच्यासोबत त्यात इंग्रजी शिकण्याचे छोटे धडेही होते. इंटरनेट लागत नसे, सगळं एसएमएसवरून यायचं. अडचण उघड आहे: एसएमएस वाचता येतो, त्याच्याशी बोलता येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बांगलादेशात ‘बीबीसी जानाला’ सुरू झालं. जानाला म्हणजे बंगालीत खिडकी. कोणत्याही मोबाइलवरून ३००० डायल करायचं आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. साधा बटणांचा फोन पुरे. बटण दाबलं की फोन दोन ठरावीक सूर एकत्र वाजवतो (५ दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ) आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्या जोडीवरून कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. ‘मराठीसाठी दोन दाबा’ यामागे हेच तंत्र आहे. धडा ऐकायला हे मस्त, पण इथेही संभाषण एकतर्फीच.

माणूस माणसाशी बोलतो असा प्रयोग सातारा जिल्ह्यातल्या फलटणला झाला. सुगत मित्रांनी २००९ मध्ये ‘ग्रॅनी क्लाउड’ सुरू केलं: इंग्लंडमधले आणि इतर ठिकाणचे स्वयंसेवक, त्यात बरेच निवृत्त शिक्षक, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायचे, गोष्टी वाचून दाखवायचे. २०१३ मध्ये मित्रांना टेड प्राइज मिळालं आणि त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’ची केंद्रं उभी राहिली. त्यातलं एक फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवन शाळेत. तिथे व्हिडिओ होता, त्यामुळे ते टेलिफोनवरचं शिक्षण नव्हे. पण शिकवण्यापेक्षा गप्पा महत्त्वाच्या, ही त्यातली गोष्ट फोनवरही तशीच्या तशी लागू होते. स्काइप स्वतः मात्र ५ मे २०२५ ला बंद झालं.

निव्वळ कॉलचा सगळ्यात ठोस पुरावा इंग्रजीचा नाही, गणिताचा आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्स्वानात संशोधकांनी काही कुटुंबांना फक्त एसएमएसवर गणितं पाठवली आणि काहींना एसएमएससोबत आठवड्याला साधारण वीस मिनिटांचा कॉल केला. कॉल मिळालेल्या मुलांचं गणित सुधारलेलं दिसलं, नुसत्या एसएमएसचा तसा परिणाम दिसला नाही. पुढे भारतासह पाच देशांत हा प्रयोग पुन्हा केला गेला. पलीकडे आपली वाट बघणारं माणूस आहे, याने फरक पडतो. दक्षिण कोरियात तर ‘फोन इंग्लिश’ हा वर्षानुवर्षं चालणारा धंदाच आहे: ठरलेल्या वेळी शिक्षकाचा कॉल येतो, दहा किंवा वीस मिनिटं बोलायचं, ठेवायचं.

आता मुद्द्याचं: तुमचा ‘स’ वाटेत का हरवतो?

माणसाच्या आवाजात खालचे आणि वरचे असे वेगवेगळे सूर मिसळलेले असतात. ते हर्ट्‌झमध्ये मोजतात. जुन्या टेलिफोनने ठरवलं की साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच पट्टी पाठवायची, कारण तेवढ्यात बोलणं कळतं आणि तारांवर जास्त कॉल बसतात. पुढे डिजिटल फोन आले तरी पट्टी तीच राहिली: सेकंदाला ८००० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप ८ बिटचं, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. मोबाइल आल्यावर हे आणखी दाबून १२ हजारांच्या आसपास आणलं गेलं.

स्वर म्हणजे अ, आ, ए, ऑ यांची ओळख बरीचशी या पट्टीच्या आतच असते. म्हणून ‘पेन’ आणि ‘पॅन’ यातला फरक फोनवर स्वच्छ कळतो. शब्दात जोर कुठे दिला, वाक्य वर चढलं की खाली आलं, हेही कळतं. गंमत म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुतेक वेळा ३०० हर्ट्‌झच्या खाली असतो, तो साध्या कॉलवर जातच नाही. पण वरच्या सुरांवरून आपला मेंदू तो स्वतःच भरून काढतो. बाबांचा आवाज फोनवर बाबांचाच वाटतो तो असा.

‘स’चं मात्र तसं नाही. जीभ दातांजवळ नेऊन जी हवा सुटते, तिचा जोर मुख्यतः ४००० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणजे पट्टीच्या बाहेर. ‘फ’ आणि इंग्रजी ‘थिंक’मधला ‘थ’ मुळातच दुबळे, त्यामुळे तिघेही फोनवर एकसारखे फुसफुसतात. सेल की फेल? सिक्स की फिक्स? बँकेला फोनवर नाव सांगताना आपण ‘एस फॉर सुरत’ म्हणतो ते उगीच नाही.

मराठी माणसाला हे जास्त बाधतं, आणि कारण व्याकरणात आहे. ‘ही वर्क इन परळ’ ही आपली नेहमीची चूक. शेवटचा ‘स’ राहतो, ‘वर्क्स’ म्हणायला हवं. आता फोनवर तुम्ही ‘वर्क्स’ म्हणालात तरी ताईला ‘वर्क’ ऐकू येऊ शकतं, आणि ‘वर्क’ म्हणालात तर तिला वाटू शकतं की ‘स’ वाटेत गेला असेल. म्हणजे नेमकी जी चूक सुधारायची, तीच फोन झाकून टाकतो. अनेकवचनाचंही तसंच. ‘टू इयर्स एक्सपिरियन्स’मधले दोन्ही ‘स’ मेहेरबानीवर.

दुसरी अडचण ‘व’ची. मराठीत एकच ‘व’, इंग्रजीत दोन. ‘व्हाइन’ म्हणजे वेल, यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वाइन’ म्हणजे दारू, यात दोन्ही ओठ गोल होतात. समोरासमोर किंवा व्हिडिओवर शिक्षक ओठ दाखवतो. फोनवर ते सांगावं लागतं: ‘आरशासमोर उभी राहा, दात ओठावर ठेव, आता गुणगुण.’ चांगला फोन-शिक्षक तो, ज्याला तोंडाच्या आत काय चाललंय ते शब्दांत सांगता येतं. हे जमायला वेळ लागतो, पण जमतं.

मग एचडी व्हॉइस म्हणजे काय?

४जी आल्यावर कॉलसुद्धा डेटासारखा पाकिटांमध्ये जाऊ लागला, त्याला व्हॉएलटीई म्हणतात. भारतात तो घराघरात पोचला तो २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर. त्यात सहसा ५० ते ७००० हर्ट्‌झची रुंद पट्टी मिळते, आणि माप सेकंदाला १६ हजार वेळा घेतलं जातं. ‘स’ बराचसा परत येतो. काही फोनमध्ये कॉल चालू असताना ‘एचडी’ अशी खूण दिसते, ती हीच.

पण दोन्ही बाजूंचे फोन, दोन्ही बाजूंचं नेटवर्क आणि मधली जोडणी, सगळ्यांनी ती रुंद पट्टी पाळली तरच. ताईच्या बिल्डिंगमध्ये ४जी गेलं आणि तिचा फोन २जी वर उतरला की तुमच्याकडे फुल रेंज असूनही ‘स’ गेला. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉएलटीई चालू आहे का ते एकदा बघून घ्या. सिम बदलल्यावर ते कधी कधी बंद राहतं.

व्हॉट्सॲप कॉलचं काय? नेट चांगलं असेल तर त्याचा आवाज साध्या कॉलपेक्षाही स्वच्छ येतो. पण व्हॉएलटीई कॉलला नेटवर्क वेगळी, राखीव वाट देतं. व्हॉट्सॲप कॉलला बाकी सगळ्यांच्या रील्ससोबत रांगेत उभं राहावं लागतं. रात्री दहाला एका चाळीतल्या ८० खोल्यांत काय चालू असतं ते सांगायला नको. पाकिटं उशिरा आली की ॲप ती थोडी साठवून मग वाजवतं, आणि आवाज मागे पडतो. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बोलणं सहज वाटतं, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शक माप. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘हां बोला’, ‘नाही तुम्ही बोला’. नवशिक्याला वाटतं आपलंच इंग्रजी अडखळतंय. अडखळत असतं नेटवर्क. माझं मत विचाराल तर संभाषणाच्या धड्यासाठी आधी साधा कॉल; बहुतेक रिचार्जमध्ये तो अमर्याद असतोच, डेटाही वाचतो.

हेडफोनची चूक

वायरलेस इअरबड्स गाण्यांना झकास, पण त्यांचा माइक चालू झाला की ब्लूटूथ सहसा गाण्यांची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर जातं आणि आवाज पुन्हा अरुंद होतो, जुन्या किंवा स्वस्त बड्समध्ये थेट ८००० मापांवर. म्हणजे एचडी कॉल लागूनही तुमच्या कानात जुनाच टेलिफोन. दादर स्टेशनबाहेर मिळणारा माइकवाला साधा वायरचा इअरफोन इथे जास्त कामाचा.

स्पीकरवर तर धडा घेऊच नका. आपला आवाज परत फिरून येऊ नये म्हणून स्पीकर चालू असताना फोन एका वेळी एकाच बाजूला पुढे करतो, दुसऱ्याचा आवाज दाबतो. शिवाय पॅसेजमधला गोंगाट कापणारं जे सॉफ्टवेअर फोनमध्ये असतं, त्याला ‘स’ आणि पंख्याचा फुस्स आवाज यातला फरक नेहमी कळत नाही. शांत जागा सापडली तर तो सगळ्यात स्वस्त उपाय. जिन्याचा कोपरा, मैदानाची कडा, काहीही.

वीस मिनिटं कशी वापरायची

आता शिकवणाऱ्यासाठी. तुम्ही कॉलेजात आहात, इंग्रजी बरं आहे, आणि चाळीतल्या एखाद्या धाकट्या मुलीला शिकवायचंय असं धरू. कॉल तुम्ही करा. २००३ पासून भारतात मोबाइलवर येणारा कॉल फुकट आहे, त्यामुळे जिचा रिचार्ज संपलाय तिलाही काही दिवस शिकता येतं. तिने फक्त मिस्ड कॉल द्यायचा.

पहिल्या दोन मिनिटांत मराठी चालू द्या. ‘जेवलीस का? आज काय झालं?’ मग तोच विषय इंग्रजीत. रोज नवा विषय शोधायची गरज नाही. आज भाजीवाल्याशी झालेली घासाघीस, उद्या लोकल चुकली ती गोष्ट. ती बोलत असताना मध्ये तोडू नका. फोनवर चेहरा दिसत नसल्यामुळे शिक्षक गप्प झाला की मुलांना वाटतं आपलं चुकलं, म्हणून मध्ये मध्ये ‘हं’, ‘ओके’ म्हणत राहा. ते फार महत्त्वाचं आहे. चुका कागदावर लिहून ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त तीन सांगा. दहा सांगितल्या तर उद्या कॉल उचलला जाणार नाही.

त्या तीनपैकी एक जोराची किंवा चढउताराची असू द्या, कारण ती फोनवर नीट ऐकू येते. ‘डेव्हलप’मध्ये जोर मधल्या ‘व्हे’वर, ‘हॉटेल’मध्ये शेवटच्या भागावर. आपण मराठीत शब्दांना सारखंच तोलतो, इंग्रजीत ते सपाट वाटतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला कळायला कठीण जातं. उच्चार अमेरिकन करायची काही गरज नाही. जोर योग्य जागी पडला की नायगावचं इंग्रजीही कुठेही कळतं.

आणि ‘स’ची प्रॅक्टिस? ती कॉलवर नाहीच करायची. कॉल ठेवल्यावर तिने पाच वाक्यं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर पाठवायची: ‘शी लिव्ह्ज इन दादर, ही टेक्स द सिक्स फिफ्टी लोकल.’ व्हॉइस नोट आधी पूर्ण रेकॉर्ड होते आणि मग जाते, त्यामुळे नेट कितीही रखडलं तरी आवाज वाटेत कापला जात नाही. तुम्ही ती दोनदा ऐकू शकता, तीही. संभाषण कॉलवर आणि शेवटचे बारीक आवाज नोटवर, ही वाटणी करून बघा.

कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आणि नव्या आयफोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्हीकडे तशी घोषणा होते. ती लपवायची ॲप्स शोधत बसू नका.

एआयशीच बोललं तर?

बोला की. जेमिनी लाइव्ह, चॅटजीपीटीचा व्हॉइस मोड, दोन्ही कंटाळत नाहीत आणि हसत नाहीत. रात्री एकला प्रॅक्टिस करायला उत्तम. ओपनएआयने तर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत चॅटजीपीटीचा चक्क फोन नंबर सुरू केला, साध्या फोनवरून डायल करून बोलता येईल असा. पण एक खोट लक्षात ठेवा. तुम्ही ‘ही वर्क’ म्हणालात तरी मशिन कधी कधी स्वतःच ‘ही वर्क्स’ समजून घेतं, कारण पुढचा शब्द काय असावा याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम आहे. ते तुम्हाला नको तितकं समजून घेतं. एचआरचा माणूस तसा नसतो.

अनोळखी लोकांशी इंग्रजी बोलायला जोडून देणारी ॲप्सही आहेत. तिथे स्वतःचा नंबर देऊ नका, विशेषतः मुलींनी. कोणी ‘दुसरा कॉल येईल, तो मर्ज कर’ म्हणालं तर फोन ठेवा. त्या दुसऱ्या कॉलवर तुमचा ओटीपी वाचला जात असू शकतो. इंग्रजीचा कोणताही धडा ओटीपीशिवाय होतो.

शेवटी एक प्रयोग, दहा मिनिटांचा. मित्राला कॉल लावा आणि हे शब्द उलटसुलट क्रमाने वाचा: सेल, फेल, सिक्स, फिक्स, थिन, फिन, व्हाइन, वाइन, पेन, पॅन. त्याने जे ऐकलं ते लिहायचं. मग ब्लूटूथ काढून वायरचा इअरफोन लावा, पुन्हा वाचा. मग व्हॉट्सॲप कॉलवर, मग व्हॉइस नोटवर. चार कागद शेजारी ठेवा. ज्या रकान्यात कमी चुका, तो तुमच्या घरातला, तुमच्या नेटवर्कचा क्लासरूम. पुढच्या टेलिफोनिक राउंडचा कॉल आला की तोच इअरफोन आणि तोच कोपरा गाठा. आणि ईमेल आयडी सांगताना न लाजता म्हणा, ‘एस फॉर सुरत.’